माश्यांसाठी राखलेली खारी जमीन

अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात, वॉला वॉला परगण्यात, टूशी नावाचे लहानसे गाव आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या गावाच्या परिसरातील काही रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणला जातो. तशा पाट्याच तेथे लावलेल्या असतात. जवळपास शाळा नसते, रुग्णालय नसते, धोक्याचे वळणही नसते. रस्ता ओलांडत असतात त्या माश्या. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरून त्या शेताकडे जातात आणि पायांना पराग माखून परततात. भरधाव गाडीच्या काचेवर आपटून त्या मेल्या, तर नुकसान गावातील शेतकऱ्यांचेच होते.

या माशीचे शास्त्रीय नाव नोमिया मेलँडेरी. इंग्रजीत तिला 'अल्कली बी' म्हणतात. मराठीत 'क्षारमाशी' म्हणायला हरकत नसावी. आकाराने ती आपल्या परिचयाच्या मधमाशीपेक्षा किंचित लहान असते आणि पोटावर मोत्यासारखे चमकणारे हिरवट-पिवळे पट्टे असतात. पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या, निमवाळवंटी खोऱ्यांतली ती मूळची रहिवासी. ती मध साठवत नाही, पोळे बांधत नाही, तिच्यात राणी नाही की कामकरी नाहीत. प्रत्येक मादी स्वतंत्रपणे जमिनीत बीळ खणते आणि आपल्या पिलांपुरता संसार त्यात मांडते. मराठीत अशा जिवांना मधमाशी म्हणावे, तर नावातच मध येतो आणि गैरसमज होतो. नुसते माशी म्हणावे, तर घरातली माशी डोळ्यांसमोर येते. भाषेची ही अडचण एका अर्थाने बोलकी आहे. मधमाशी म्हटले, की आपल्याला आग्यामोहोळ, सातेरी किंवा पेट्यांतील मेलिफेरा आठवते. वास्तविक जगात मधमाशीकुळातील वीस हजारांहून अधिक प्रजाती ज्ञात आहेत, त्यांतील बहुसंख्य एकेकट्या राहणाऱ्या आहेत आणि सुमारे ७० टक्के प्रजाती जमिनीत घरटी करतात. मध देणाऱ्या प्रजाती त्या मानाने थोड्याच.

टूशीच्या शेतकऱ्यांना या माशीची एवढी काळजी का, हे समजण्यासाठी एका पिकाकडे वळावे लागते. ते पीक म्हणजे लसूणघास. दुभत्या जनावरांना घातला जाणारा हा हिरवा चारा महाराष्ट्रातील गोठ्यांना नवा नाही. शहरी वाचकांना तो कदाचित औषधाच्या बाटलीवरील 'अल्फाल्फा' या नावाने अधिक परिचित असेल. चाऱ्यासाठी लसूणघास घेणाऱ्याला परागीभवनाशी देणेघेणे नसते. फुलोरा भरात येण्याच्या सुमारासच कापणी होते. पण पुढच्या पेरणीसाठी बियाणे कोणीतरी पिकवावे लागते. टूशीच्या खोऱ्यात नेमके हेच काम चालते. बियाण्याच्या शेतात माशी आली नाही, तर शेत निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जाईल, मात्र शेंगांत फारसे काही भरणार नाही.

लसूणघासाचे फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे, पण बरेच लहान असते. खालच्या दोन पाकळ्या जुळून त्यांची नौका झालेली असते आणि तिच्या आत पुंकेसर व स्त्रीकेसर यांचा जुडगा ताणलेल्या धनुष्याप्रमाणे अडकवून ठेवलेला असतो. माशी फुलावर बसून आत डोके घालते, तेव्हा तिच्या भाराने नौका उघडते, जुडगा झटक्यासरशी वर उसळतो आणि बहुधा माशीच्या डोक्यालाच तडाखा देतो. त्या तडाख्यात कुक्षीवरचे पातळ आवरण फाटते, माशीच्या अंगावरचे दुसऱ्या झाडाचे पराग तेथे चिकटतात आणि फळधारणेचा मार्ग मोकळा होतो. एकदा सुटलेला हा चाप पुन्हा बसत नाही. प्रत्येक फुलाला एकदाच संधी असते.

पेटीतील मधमाशीला हा तडाखा मानवत नाही. दोन-चार वेळा मार खाल्ल्यावर ती शहाणी होते आणि फुलाच्या बाजूने सोंड घालून मकरंद तेवढा पळवते. चाप तसाच राहतो. मधासाठी तिने केलेली ही चोरी हुशारीची खरी, पण बियाणे पिकवणाऱ्याच्या उपयोगाची नाही. पुरेसे काम व्हावे, तर पेट्यांची संख्या भरमसाठ वाढवावी लागते. क्षारमाशी मात्र परागासाठीच आलेली असते. तडाख्याची पर्वा न करता ती एकामागून एक फुले उघडत जाते. एका मादीला आपल्या पिलांसाठी जेवढा पराग लागतो, तेवढा गोळा करताना शेतकऱ्याचे काम आपोआप होते.

प्रश्न होता तो या माशीला शेताजवळ राहायला लावण्याचा. सातेरीची किंवा मेलिफेराची पेटी बैलगाडीत घालून नेता येते. क्षारमाशीला पेटी चालत नाही. तिला जमीनच लागते, आणि तीही साधीसुधी नव्हे. बारीक गाळाची माती हवी, खालून सतत ओलावा हवा, वरचा पापुद्रा मात्र कोरडा, कठीण आणि क्षारांनी पांढरा पडलेला हवा. निसर्गात अशी ठिकाणे नदीकाठच्या सखल भागात, जेथे खालचे पाणी वर झिरपते आणि उन्हात उडून जाताना क्षार मागे ठेवते, तेथे सापडतात. पिकाच्या दृष्टीने ही नापीक जमीन. तिच्यावर गवतही धड उगवत नाही. पश्चिम अमेरिकेत सिंचन वाढले, तशा अशा कित्येक जागा सपाट करून लागवडीखाली आल्या आणि त्यांतल्या माश्या नांगराखाली गेल्या.

विसाव्या शतकाच्या मध्याला बियाणे उत्पादकांच्या लक्षात आले, की ज्या शेतांजवळ ही पांढरी, ओसाड वाटणारी जमीन शिल्लक आहे, तेथे बियाणे चांगले येते. अमेरिकी कृषी खात्याचे युटा राज्यातील लोगन येथील कीटकतज्ज्ञ जॉर्ज बोहार्ट आणि ऑरेगनमधील विल्यम स्टीफन यांनी या माशीच्या सवयींचा बारकाईने अभ्यास केला. नैसर्गिक जागा मिळत नसेल, तर ती तयार करता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. १९५० च्या दशकापासून शेतकरी असे 'माश्यांचे वाफे' घडवू लागले. पुढे स्टीफन यांनी १९६० साली कृत्रिम वाफ्याची रीत शास्त्रीय नियतकालिकात मांडली.

ही रीत मोठी मजेशीर आहे. पूर्णतः कृत्रिम वाफा करायचा, तर जमीन कमरेइतकी खोल खोदून तळाशी प्लास्टिकचे अस्तर घालतात, म्हणजे पाणी खाली निघून जात नाही. त्यावर खडीचा थर, खडीपर्यंत पाणी पोहोचवणारे उभे नळ आणि वर निवडलेली गाळमाती. नळांतून पाणी सोडले, की ते खडीत पसरते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे मातीतून वर चढते. टूशीतील बहुतेक वाफे इतके खर्चिक नाहीत. तेथे मूळच्याच गाळजमिनीत चर खणून छिद्रे पाडलेले नळ पुरतात आणि वसंत ऋतूत त्यांतून पाणी देतात. येथली माती मुळातच या कामाची आहे. हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या महापुरांनी या खोऱ्यात बारीक गाळाचे थरावर थर रचून ठेवले आहेत. पाऊस अल्प, आणि तोही बहुतांशी हिवाळ्यात, त्यामुळे उन्हाळ्यात वाफा वरून भिजण्याची भीती कमी.

यानंतरची पायरी वाचून सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी चक्रावून जाईल. वाफ्यावर मीठ पसरतात. खाण्याच्या मिठाचेच रसायन, पण ते शेतजमिनीवर जाणूनबुजून टाकलेले. मिठामुळे वरचा थर घट्ट होतो, खालचा ओलावा लवकर उडून जात नाही आणि तण उगवत नाही. तण नको, कारण मुळे मातीतले पाणी शोषतात आणि माशीच्या बिळांच्या वाटेत येतात. कृष्णाकाठी उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली, तिच्या निचऱ्यासाठी जमिनीत सच्छिद्र नळ पुरावे लागतात. टूशीत तसेच नळ पुरतात ते जमीन ओली आणि खारी राखण्यासाठी! साधन तेच, हेतू नेमका उलटा.

वाफ्याचे गणित मात्र नाजूक आहे. ओलावा कमी पडला, तर माती भुगा होऊन बिळे ढासळतात आणि माद्या जागा सोडून जातात. पाणी जास्त झाले, तर पिलांसाठी साठवलेल्या परागाला बुरशी लागते. पाणी वरून कधीच द्यायचे नाही, नेहमी खालून. उन्हाळ्यातला अवकाळी पाऊस हा या शेतकऱ्यांचा खरा शत्रू.

साधारण मेअखेरीपासून जून महिन्यात, लसूणघासाला फुले येण्याच्या सुमाराला, माश्या जमिनीतून वर येतात. नर काही दिवस आधी निघतात आणि वाफ्यावर घिरट्या घालत माद्यांची वाट पाहतात. मीलनानंतर मादी लगेच खोदकामाला लागते. पेन्सिलीच्या जाडीचे उभे बीळ, तोंडाशी उकरलेल्या मातीचा चिमुकला ढिगारा, आणि वीतभर खोलीवर अंडाकृती कोठड्या. कोठडीची आतली बाजू मादी गुळगुळीत करते आणि शरीरातील स्रावाचा जलरोधक लेप तिला देते. मग पराग आणि मकरंद यांचा एक गोळा आत ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे, कोठडी बंद करायची आणि दुसरी सुरू करायची. दिवसाला साधारण एक कोठडी असा तिचा वेग असतो आणि हे आयुष्य जेमतेम महिना-सव्वा महिन्याचे. अंड्यातून निघालेली अळी तो गोळा फस्त करते आणि पूर्ण वाढ झाल्यावर तशीच निपचित पडून राहते. शरद, हिवाळा आणि वसंताचा बराच काळ ती जमिनीखाली असते. म्हणजे वर्षातले दहा-साडेदहा महिने वाफ्याकडे पाहणाऱ्याला एक पांढरट, मोकळे, निरुपयोगी मैदान दिसते. सारे काही त्याच्या पोटात असते, आणि एकच नांगरट ते संपवू शकते.

या निपचित अवस्थेचा शेतकऱ्यांनी उपयोगही करून घेतला. नवा वाफा वसवायचा असेल, तर जुन्या वाफ्यातून अळ्यांसकट मातीचे ठोकळे कापून काढतात आणि नव्या वाफ्यात बसवतात. ऊन तापल्यावर त्यांतून निघालेल्या माश्यांना नवी जागा पसंत पडली, तर त्या तेथेच खोदू लागतात. जवळपास जुना वाफा असेल, तर त्यातल्याही काही माद्या येतात. पण सुरुवातीची काही बिळे दिसणे वेगळे आणि वाफा नांदता होणे वेगळे. त्याला अनेक वर्षे जातात. फळबागेसारखीच ही गुंतवणूक आहे. टूशीतील काही वाफे अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरात आहेत.

संकटांची यादी लहान नाही. भुंगमाशी म्हणता येईल अशी एक केसाळ माशी वाफ्यावर तरंगत राहते आणि बिळांच्या तोंडांत आपली अंडी टाकते. तिची अळी क्षारमाशीच्या अळीवर पोसते. पक्षी आणि स्कंकसारखे प्राणीही वाफे उकरतात. मात्र खरा पेच शेतातच आहे. लसूणघासाच्या कळ्यांतून आणि कोवळ्या शेंगांतून रस शोषणारा लायगस नावाचा ढेकूण बियाण्याचे मोठे नुकसान करतो. त्याला आवरायला कीटकनाशक लागते, आणि कीटकनाशकाला ढेकूण कोणता नि माशी कोणती, हे कळत नाही. त्यामुळे फवारणी रात्री करण्याची पद्धत पडली. माद्या रात्री आपापल्या बिळांत असतात. नर मात्र शेतातच झाडांना धरून झोपतात, त्यामुळे काही नर मरतात. पण एव्हाना त्यांचे काम बहुतेक झालेले असते. सकाळपर्यंत ज्याचा विषारीपणा ओसरेल असेच औषध निवडावे लागते. येथे एका शेतकऱ्याचा शहाणपणा पुरत नाही. माशी सीमा मानत नाही. आपला वाफा नसलेल्या शेजाऱ्याने भर दुपारी चुकीचे औषध मारले, तर दुसऱ्याची वीस वर्षांची कमाई एका दिवसात जाऊ शकते. म्हणूनच खोऱ्यातील उत्पादकांना फवारणीबाबत एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते, आणि रस्त्यावरची वेगमर्यादाही याच सामुदायिक समजुतीतून आलेली आहे.

या खटाटोपाला पर्याय नाही, असे नाही. युरोप-आशियातून अपघाताने अमेरिकेत पोहोचलेली पानकापी माशी लाकडाच्या किंवा थर्मोकोलच्या फळ्यांमधील छिद्रांत घरटी करते. तिच्या फळ्या उचलून कोठेही नेता येतात, थंड खोलीत ठेवता येतात, विकत घेता येतात. साहजिकच बहुतेक बियाणे उत्पादक तिच्याकडे वळले आणि इतर अनेक भागांत क्षारमाशीचे वाफे ओस पडले. पण पानकापी माशीला बुरशीजन्य रोग सतावतो, अनेक अमेरिकी शेतकऱ्यांना दरवर्षी कॅनडातून नवा साठा आणावा लागतो, आणि तो खर्च दरवर्षीचा. क्षारमाशीचा वाफा एकदा बसला, की पुढच्या वर्षीच्या माश्या तो फुकट देतो.

टूशीच्या शेतकऱ्यांचा हिशेब चुकला नाही, हे आकड्यांतून दिसते. लोगन येथील संशोधक जेम्स केन यांनी या सुमारे २४० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यातील वाफ्यांची मोजदाद केली आणि २००८ साली ती प्रसिद्ध केली. २४ वाफ्यांवर मिळून सुमारे १ कोटी ७० लाख माद्या घरटी करीत होत्या आणि आठ वर्षांत ही संख्या नऊपट झाली होती. एकट्या एका वाफ्यावर सुमारे ५३ लाख. आणि ही वाढ कोणत्याही अभयारण्यात झालेली नाही. सघन, रासायनिक, यांत्रिक शेतीच्या मधोमध झालेली आहे. शेती आणि रानमाशी एकत्र नांदू शकत नाहीत, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण विचारात घ्यावे लागेल. अर्थात त्याला दुसरी बाजूही आहे. ज्या दिवशी या खोऱ्यात लसूणघासाचे बियाणे पिकवणे परवडेनासे होईल, त्या दिवसापासून वाफ्यांना पाणी देण्याचे कारणही उरणार नाही.

क्षारमाशीसारखी पाठीराख्या शेतकऱ्यांची फौज इतर प्रजातींच्या वाट्याला सहसा येत नाही. उत्तर अमेरिकेतच भोपळ्याच्या फुलांवर जगणारी एक माशी आहे. ती भोपळ्याच्या शेतातच, वेलांच्या बुडाशी घरटी करते. कॅलिफोर्नियातील २०१६ च्या एका अभ्यासात नांगरटीमुळे तिची जमिनीतून बाहेर पडणारी पिले निम्म्याने घटल्याचे दिसले. कॅनडातील ऑन्टारिओत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीतून दिलेल्या वेलांजवळच्या माद्यांनी ८५ टक्के कमी घरटी केली आणि त्यांची पिले ८९ टक्क्यांनी घटली. फुलावरचे विष मोजण्याची पद्धत जुनी आहे. पण जी माशी त्याच मातीत घर खणते, तिच्या अंगाला लागणाऱ्या विषाचा हिशेब उशिरा सुरू झाला.

इमिडाक्लोप्रिड हे नाव महाराष्ट्रातील कापूस आणि भाजीपाला उत्पादकांना नवे नाही, आणि जमिनीत राहणाऱ्या माश्याही आपल्याकडे आहेत. निळ्या पट्ट्यांची, अस्वस्थपणे भिरभिरणारी अमेगिला जमिनीत आणि जुन्या मातीच्या भिंतींत घरटी करते. नोमियाची जवळची भावंडेही आपल्या वांग्याच्या शेतात दिसतात. वांगे आणि टोमॅटो यांचे पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावे, तसे परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतात. त्यासाठी माशीला फूल घट्ट धरून थरथरवावे लागते. ही कला सातेरीला किंवा मेलिफेराला साधत नाही. अमेगिलाला, नोमियाला आणि मोठ्या काळ्या भुंग्यांना साधते. मधपेट्यांसाठी अनुदान देऊन हे काम होणार नाही.

तरी टूशीची नक्कल येथे करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शेतावर मीठ टाकणे हा शुद्ध आत्मघात ठरेल, शिवाय पावसाळाच खालून पाणी देण्याचे गणित मोडून टाकील. प्रत्येक माशीची मातीची आवड वेगळी असते. काहींना उतारावरची मोकळी माती लागते, काहींना भिंतीसारखा उभा कडा, काहींना झाडाखालची सावलीतली जागा. आपल्या शेतात त्यांच्यासाठी न नांगरलेली, पाणी न साचणारी जागा बहुतेकदा एकच उरते, ती म्हणजे बांध. आणि बांध कोरण्यावरून आपल्याकडे भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. दरवर्षी नांगराचा फाळ दोन बोटे आत सरकतो, उरलेल्या बांधावर तणनाशक मारले जाते किंवा तो जाळला जातो. पोर्टलंड येथील झर्सीज सोसायटी ही १९७१ साली स्थापन झालेली कीटकसंवर्धन संस्था शेतकऱ्यांना जो सल्ला देते, तो फारसा खर्चाचा नाही. उन्हाची, थोडी उघडी, उताराची जागा निवडावी, ती नांगरू नये, तिच्यावर आच्छादन किंवा प्लास्टिक अंथरू नये, फवारा तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नये, आणि जवळ वर्षाचा बराच काळ काही ना काही फुलत राहील असे पाहावे.

अशी घरटी ओळखणे अवघड नाही. पावसाळा सरल्यावर बांधावर किंवा अंगणाच्या कडेला पेन्सिलीने पाडल्यासारखी भोके आणि त्यांच्याभोवती ताज्या मातीच्या लहान वाट्या दिसतात. मुंग्यांच्या बिळाशी रांग असते, येथे ती नसते. थोडा वेळ थांबल्यास एखादी माशी मागच्या पायांवर पिवळा पराग घेऊन येते आणि सरळ आत शिरते. मुंग्यांची किंवा गांधीलमाश्यांची समजून अशा भोकांत औषधाची भुकटी ओतली जाते. वास्तविक या माश्यांना राखायला पोळे नसते, त्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. हाताने दाबली गेली, तरच एखादी मादी डंख करते.